सल्ला कोणाचा आणि सही कोणाची?

2025 च्या जून महिन्यात अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी लशींबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या समितीतल्या सगळ्याच्या सगळ्या 17 सदस्यांना एका फटक्यात घरी पाठवलं. विद्यापीठांची संशोधन-अनुदानं रद्द करण्याचा सपाटा तिथे आधीपासून सुरू होताच. त्यानंतर ऑगस्टमध्ये रोजगाराचे आकडे मनाजोगे आले नाहीत म्हणून ते गोळा करणाऱ्या खात्याच्या प्रमुखांनाही हटवण्यात आलं. तेव्हापासून विज्ञान आणि सरकार यांच्या नात्यावर जगभर हमरीतुमरी चालू आहे. एका बाजूची घोषणा आहे, ‘राजकारण्यांनो, विज्ञानातून हात काढा.’ दुसऱ्या बाजूचा सवाल आहे, ‘या तज्ज्ञांना निवडून कोणी दिलं?’ दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत आणि दोघीही मूळ मुद्द्याला वळसा घालून जात आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विज्ञान आणि सरकार यांच्यात अंतर किती असावं, यावर डोकं खपवण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते अंतर कधी नव्हतंच. भांडायचं असेल तर अधिकारांच्या वाटणीवर भांडावं. कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा, त्यावर किती पैसा घालायचा आणि उत्तर मिळाल्यावर काय करायचं, हे ठरवण्याचा सरकारला पूर्ण हक्क आहे. उत्तर काय यावं हे ठरवण्याचा मात्र तसूभरही नाही. शास्त्रज्ञांचंही तसंच: उत्तर देणं हे त्यांचं काम, पण त्या उत्तराच्या आडून लोकांच्या वतीने निर्णय घेणं हे त्यांचं काम नव्हे. ही सीमा कोणाच्या सज्जनपणावर सोडून भागत नाही. सल्ला कोणी दिला, काय दिला आणि तो मानून किंवा डावलून सही कोणी केली, हे कागदावर आणि लोकांसमोर असावं लागतं. बाकी सगळं त्यानंतर.

‘पूर्वी विज्ञान कसं मुक्त होतं’ हे जे हळहळून सांगितलं जातं, त्याचा निकाल लवकर लावता येतो. फ्रान्सची विज्ञान अकादमी 1666 मध्ये स्थापन झाली ती चौदाव्या लुईच्या अर्थमंत्र्याच्या, कोल्बेरच्या पुढाकाराने, आणि तिच्या सदस्यांना राजाच्या तिजोरीतून तनखा मिळत असे. क्रांतीनंतर मापांचा गोंधळ संपवायचा होता तेव्हा मीटर ठरवण्याचं काम याच अकादमीकडे आलं, आणि 1793 मध्ये क्रांतीच्या सरकारने अकादमीच बरखास्त केली. विसाव्या शतकाबद्दल तर बोलायलाच नको. रडार, पेनिसिलिनचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन, अणुबाँब ही सगळी युद्धकाळातल्या सरकारी पैशाची आणि सरकारी घाईची फळं. तेव्हा सोवळं-ओवळं पाळण्याच्या गप्पा सोडून देऊ.

पण स्वायत्ततेची बाजू घेणाऱ्यांच्या हातात एक उदाहरण असं आहे की ते टाळून पुढे जाता येत नाही: सोव्हिएत कृषितज्ज्ञ लायसेंको. 1948 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत कृषिविज्ञान अकादमीचं अधिवेशन भरलं होतं. आनुवंशिकताशास्त्र हे खोटं आणि परकं आहे, असं लायसेंकोने आपल्या अहवालात मांडलं. काही जीवशास्त्रज्ञांनी विरोधात बोलण्याचं धाडसही केलं. मग शेवटच्या दिवशी लायसेंको उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या अहवालाबद्दल पक्षाच्या केंद्रीय समितीचं मत काय, अशी विचारणा करणारी चिठ्ठी माझ्याकडे आली आहे. तर माझं उत्तर असं की केंद्रीय समितीने अहवाल तपासला आहे आणि त्याला मंजुरी दिली आहे. सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. विरोधात बोललेल्यांपैकी काहींनी तिथेच आपली चूक कबूल केली. वाटाण्याच्या झाडांवर आणि माश्यांवर अनेक दशकं झालेल्या प्रयोगांचा निकाल एका वाक्यात लागला. देशोदेशी फिरून पिकांच्या बियाणांचा प्रचंड संग्रह उभा करणारा आनुवंशिकताशास्त्रज्ञ वाविलोव्ह त्याच्या पाच वर्षं आधीच, 1943 मध्ये, सारातोव्हच्या तुरुंगात मेला होता.

या प्रकरणातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. लायसेंकोच्या त्या अहवालाचा मसुदा खुद्द स्टालिनने तपासला होता. प्रत्येक विज्ञान हे वर्गीय असतं, अशा अर्थाचं विधान त्यात होतं. स्टालिनने समासात लिहिलं, ‘हा-हा-हा! मग गणिताचं काय? आणि डार्विनवादाचं?’ म्हणजे उत्तर वरून ठरवणाऱ्यालाही ठाऊक होतं की प्रत्येक उत्तर वरून ठरवता येत नाही. पदार्थविज्ञानाचीही अशीच ‘शुद्धी’ करण्यासाठी 1949 च्या मार्चमध्ये परिषद भरायची होती. ती रद्द झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने पहिला अणुबाँब फोडून पाहिला. परिषद नेमकी कोणी आणि का रद्द केली यावर इतिहासकार वाद घालतात, पण एवढं उघड आहे की बाँब हवा असलेल्या सत्तेला सापेक्षतावाद मोडीत काढणं परवडणारं नव्हतं. गव्हाच्या बाबतीत तेवढी घाई नव्हती. चुकीच्या शेतीची किंमत भुकेच्या रूपाने इतर कोणीतरी मोजणार होतं.

यातून ‘सरकारने विज्ञानापासून लांब राहावं’ असा धडा निघतो का? मला तो निघताना दिसत नाही. सोव्हिएत पदार्थविज्ञान हे तर जीवशास्त्राहूनही अधिक सरकारी होतं: सरकारी पैसा, सरकारी पहारा, प्रश्नही सरकारनेच दिलेला. तरी ते टिकलं, कारण तिथे उत्तर मोकळं सोडलेलं होतं. जीवशास्त्र मेलं ते सरकार जवळ आलं म्हणून नव्हे. टाळ्यांच्या कडकडाटात उत्तरालाच मंजुरी देण्यात आली म्हणून. हा रोग हुकूमशाहीपुरता आहे, असं समजून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. ग्रीसच्या सांख्यिकी संस्थेच्या प्रमुखांनी 2009 सालच्या सरकारी तुटीचा खरा आकडा, देशांतर्गत उत्पादनाच्या पंधरा टक्क्यांहून अधिक, जाहीर केला. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने तो मान्यही केला. तरी त्या गृहस्थांना पुढची कित्येक वर्षं आपल्याच देशातल्या न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. ग्रीस तर निवडणुका घेणारा देश.

आता दुसरी बाजू. ‘यांना निवडून कोणी दिलं?’ हा प्रश्न अडाण्यांचा म्हणून उडवून लावण्याची सुशिक्षितांत फॅशन आहे. ती चुकीची आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन होते. दुसरं महायुद्ध संपता संपता, युद्धकाळातल्या संशोधनाची धुरा सांभाळलेल्या व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकी सरकारला जो अहवाल दिला, त्याचं सार असं होतं की सरकारने मूलभूत संशोधनाला पैसा द्यावा आणि तो कसा वापरायचा हे शास्त्रज्ञांवर सोडावं. त्यानुसार 1947 मध्ये संशोधनाला सरकारी पैसा वाटणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचं विधेयक संसदेत मंजूर झालं. प्रतिष्ठानाचा संचालक राष्ट्राध्यक्षांनी नेमायचा नव्हता; मंडळातून निवडलेल्या समितीने नेमायचा होता. ट्रूमन यांनी त्यावर सही करायला नकार दिला. मोठा सार्वजनिक पैसा आणि राष्ट्रीय धोरणं ज्यांच्या हाती जाणार ते मुळात खासगी नागरिक असतील, लोकांना जबाबदार नसतील, असा त्यांचा आक्षेप होता. तीन वर्षं घोळ चालला आणि 1950 मध्ये संस्था उभी राहिली तेव्हा संचालक नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे होता. पण कोणता संशोधन-प्रस्ताव चांगला, हे ठरवण्याचं काम शास्त्रज्ञांकडे राहिलं. आज जिला आदर्श स्वायत्त संस्था म्हणून मिरवलं जातं, ती एका राजकारण्याच्या नकारातून या आकाराला आली.

शास्त्रज्ञांवर सोडून दिलं की सगळं आलबेल, याला इतिहास साक्ष देत नाही. समुद्रावर रेखांश काढण्याची रीत शोधणाऱ्याला 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये लावलं आणि परीक्षणासाठी मंडळ नेमलं. त्यात राजज्योतिषी आणि विद्यापीठांचे प्राध्यापक होते. त्यांच्या मते उत्तर आकाशात, चंद्र-ताऱ्यांच्या गणितात होतं. जॉन हॅरिसन या सुताराच्या पोराने मात्र समुद्रातही निघाल्या बंदराची वेळ अचूक राखणारं घड्याळ बनवून दाखवलं; तिथल्या आणि इथल्या वेळेतल्या फरकावरून रेखांश निघतो. 1761 च्या अखेरीस जमैकाला निघालेल्या जहाजावर ते जवळपास तीन महिन्यांत अवघे पाच सेकंद मागे पडलं. मंडळाने चाचण्या वाढवल्या, अटी घातल्या, रक्कम हप्त्यांत दिली. मंडळ लबाड होतं असं मी म्हणत नाही. एक घड्याळ चाललं म्हणून शंभर चालतील कशावरून, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण ज्यांची स्वतःची पद्धत स्पर्धेत आहे तेच परीक्षक, ही त्यातली गोम. अखेर 1773 मध्ये राजाकडे दाद मागितल्यावर संसदेने उरलेल्या रकमेचा बहुतांश भाग त्याच्या पदरात टाकला, तेव्हा हॅरिसन ऐंशीचा झाला होता.

याहून काळं उदाहरण अलाबामातल्या टस्कीगीचं. 1932 पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे 400 काळ्या पुरुषांचा उपदंश उपचाराविना कसा वाढत जातो, याचा ‘अभ्यास’ केला. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते मिळू नये अशी व्यवस्था केली. खात्यातल्याच एकाने आक्षेप घेतल्यानंतर 1969 मध्ये तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने काय ठरवलं? अभ्यास चालू ठेवावा. तो बंद पडला 1972 मध्ये, वर्तमानपत्रांनी बभ्रा केल्यावर. म्हणजे ज्ञानाची भूक आणि माणसाचा जीव यांत निवड करायची वेळ आली तेव्हा तज्ज्ञांची समिती चुकली आणि बाहेरच्या माणसांनी ती चूक दुरुस्त केली. ‘तज्ज्ञांवर विश्वास ठेवा’ एवढंच सांगणाऱ्यांनी या समितीचं काय करायचं ते सांगावं.

इथवर माझ्याशी सहमत असलेला वाचकही आता एक आक्षेप घेईल, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. उत्तर आणि निर्णय यांच्यात इतकी स्वच्छ रेघ असते तरी कुठे? पैसा कोणत्या प्रश्नावर घालायचा हे सरकारने ठरवलं की कोणती उत्तरं कधीच मिळणार नाहीत हेही ठरतंच. शिवाय शास्त्रज्ञ ‘धोका कमी आहे’ म्हणतो तेव्हा ‘कमी’ कशाला म्हणायचं हा निवाडा त्यातच लपलेला असतो. हे सगळं खरं आहे. हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचंच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 साठी वर्षभराच्या सरासरीची शिफारस घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम केली. अमेरिकेने 2024 मध्ये आपली मर्यादा 12 वरून 9 वर आणली. भारताने 2009 मध्ये ठरवलेली मर्यादा 40 आहे. फुफ्फुसं तर सगळीकडे सारखीच. या आकड्यांत फरक पडतो तो विज्ञानामुळे नाही. अमुक आकड्याच्या खाली धोका शून्य, असा उंबरठा विज्ञानाला सापडलेला नाही. किती आजारपण किती खर्चाच्या बदल्यात चालवून घ्यायचं, हे प्रत्येक सरकारने आपापल्यापुरतं ठरवलं आहे. ते त्यांनी ठरवावं. पण मग ‘आमची मर्यादा शास्त्रीय आहे’ असं म्हणू नये.

रेघ पुसट आहे म्हणून ती सोडून द्यायची, की पुसट आहे म्हणूनच ती पुन्हा पुन्हा ठळक करायची? ब्रिटनमधल्या ‘मॅड काऊ’ प्रकरणाइतकं चांगलं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. गुरांना होणारा हा मेंदूचा रोग 1986 मध्ये ओळखला गेला. प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड साउथवुड यांच्या समितीने 1989 मध्ये अहवाल दिला. माणसाच्या आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता फारच कमी, असं त्यात म्हटलं होतं. लगेच पुढे असंही म्हटलं होतं की आमचा हा अंदाज चुकीचा निघाला तर परिणाम अत्यंत गंभीर असतील. म्हणजे एक अंदाज आणि त्याच्या बरोबरीने एक धोक्याची घंटा. प्रशासनाच्या वाटेने खाली येता येता घंटा गळाली आणि अंदाजाची खात्री झाली. 1990 च्या मे महिन्यात कृषिमंत्री जॉन गमर यांनी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला. गोमांस सुरक्षित आहे, शास्त्रज्ञांनीच सांगितलं आहे! 1996 च्या मार्चमध्ये त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत उभं राहून सांगावं लागलं की तरुणांमध्ये दिसू लागलेल्या एका नव्या, जीवघेण्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. त्या विकाराने ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली.

पुढे चौकशी आयोगाने 2000 साली जे लिहिलं ते दोन्ही बाजूंच्या घोषणाबाजांनी वाचावं असं आहे. सरकार खोटं बोललं नाही, असं आयोग म्हणाला. धोका नगण्य आहे असं सरकारला खरंच वाटत होतं. पण लोक घाबरून काहीतरी टोकाचं करतील, या भीतीने ते पछाडलेलं होतं. आणि साउथवुड समितीचं तात्पुरतं मत हे जणू सिद्ध झालेलं शास्त्रीय सत्य आहे, अशा थाटात ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. इथे कोणी विज्ञान दडपलं नव्हतं. उलट विज्ञानाचा जयजयकार चालला होता. गुरांचा धंदा आणि माणसांचा जीव यांच्यात तोल साधण्याचा निर्णय मंत्र्यांचा होता. तो त्यांनी आपला म्हणून सांगितला असता, ‘खात्री नाही, पण धंदा बुडू नये म्हणून आम्ही एवढा धोका पत्करतो आहोत’ असं म्हटलं असतं, तर लोकांनी आपापल्या ताटापुरतं तरी ठरवलं असतं.

इटलीतल्या लाक्विला खटल्याची जी कथा जगभर फिरली, तीही अशीच अर्धवट आहे. ‘भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगवास’ हे 2012 मधलं मथळ्याचं वाक्य. गॅलिलिओची आठवण काढून झाली, हजारो शास्त्रज्ञांनी निषेधपत्रांवर सह्या केल्या. घडलं ते असं. गावाला काही महिन्यांपासून लहानमोठे धक्के बसत होते, लोक धास्तावले होते. 31 मार्च 2009 रोजी ‘मोठ्या धोक्यां’साठीच्या राष्ट्रीय आयोगाची तिथे तातडीची बैठक भरली. मोठा भूकंप नजीकच्या काळात संभवत नाही, पण शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, असं तिथल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. भूकंपशास्त्रात त्याहून जास्त कोणी सांगूही शकत नाही. पण बैठकीच्या आधीच नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी टीव्हीला मुलाखत देऊन टाकली होती: शास्त्रज्ञ सांगतात की धोका नाही, उलट अशा धक्क्यांमधून ऊर्जा बाहेर पडत राहते. मग निवांत वाईन घ्यायला हरकत नाही ना, असं पत्रकाराने विचारलं. जरूर, असं म्हणत त्यांनी वाईनचं नावही सुचवलं. ही बैठक म्हणजे लोकांना शांत करण्यासाठीचा माध्यमांपुरता कार्यक्रम आहे, असं विभागाचे प्रमुख फोनवर म्हणत असल्याचं ध्वनिमुद्रणही पुढे बाहेर आलं.

त्या भागात धक्का बसला की घराबाहेर उघड्यावर रात्र काढायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 5 एप्रिलच्या रात्री धक्के बसले तेव्हा धोका नसल्याचं ऐकलेली अनेक कुटुंबं घरातच राहिली. पहाटे साडेतीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसं मेली. फिर्याद होती ती या आश्वासनाबद्दल, भाकिताबद्दल नव्हती. खालच्या न्यायालयाने सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना सहा वर्षांची शिक्षा दिली, ती माझ्या मते चूकच होती, आणि 2014 मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली, पण दोष कायम राहिला. एवढ्यावर सगळे शास्त्रज्ञ निष्कलंक ठरतात का? कायद्याने, हो. पण आपल्या नावावर कोणी ‘धोका नाही’ असं खपवतो आहे हे कळल्यावर, उठून ‘आम्ही असं म्हटलेलं नाही’ असं सांगायचं की नाही, हा प्रश्न न्यायालयाबाहेर उरतोच. मंत्र्याच्या खांद्यावरची बंदूक आपल्या खांद्यावर आली की ती झटकून टाकणं हेही सल्लागाराचं काम आहे. सरकारी समितीवर बसण्याचा मान आणि पुढच्या समितीवर बोलावणं येईल ही आशा, या दोन गोष्टींनी जेवढी तोंडं बंद केली आहेत तेवढी कोणत्याही हुकमाने केली नसतील.

2020 च्या साथीत ब्रिटनचे मंत्री रोज उठून ‘आम्ही विज्ञानाच्या मागोमाग चाललो आहोत’ असं सांगत होते, आणि ते विज्ञान सांगणाऱ्या समितीतल्या सदस्यांची नावंसुद्धा मे महिन्यापर्यंत जाहीर झालेली नव्हती. शाळा बंद ठेवायच्या की दारूची दुकानं, याचं उत्तर विषाणूशास्त्रात नाही. ते मुलं, म्हातारी माणसं, हातावर पोट असलेली माणसं यांच्यात ओझं कसं वाटायचं याचं उत्तर आहे, आणि त्यासाठीच तर आपण माणसं निवडून देतो. आपल्या निर्णयावर विज्ञानाचा शिक्का मारून हात झटकणाऱ्या मंत्र्याने विज्ञानाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं विज्ञानाची टर उडवणाऱ्यानेही केलं नसेल. कारण पुढे निर्णय फसला की लोकांचा राग शिक्क्यावर निघतो. तज्ज्ञांविरुद्धची आजची लाट कुठून आली असं विचारणाऱ्यांनी ही बाकीही हिशेबात धरावी.

उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. त्याच ब्रिटनमध्ये 2009 च्या ऑक्टोबरमध्ये अमली पदार्थांविषयीच्या सल्लागार परिषदेचे अध्यक्ष डेव्हिड नट यांना गृहमंत्र्यांनी काढलं. दारू आणि तंबाखू हे गांजा किंवा एलएसडीपेक्षा जास्त घातक आहेत, असं त्यांनी एका व्याख्यानात म्हटलं होतं. परिषदेचा सल्ला डावलून सरकारने गांजाची वर्गवारी त्याआधीच कडक केली होती. गृहमंत्र्यांचं म्हणणं असं की सल्लागाराने सरकारी धोरणाविरुद्ध मोहीम चालवू नये. त्यात तथ्य नाही असं नाही. सल्लागारच रोज प्रचाराला उतरला तर मंत्र्याने त्याच्यापुढे मन मोकळं करायचं कसं? पण कोणता पदार्थ किती घातक हा प्रचाराचा विषय नाही, ते तर परिषदेचं नेमून दिलेलं काम. गांजावर बंदी ठेवायचा मंत्र्यांना हक्क होता. ‘मला ठाऊक आहे की तो दारूपेक्षा कमी घातक आहे, तरीही अमुक कारणाने मी बंदी ठेवतो’ एवढं बोलायचं त्यांना जड गेलं. या गदारोळानंतर 2010 मध्ये सरकारने तत्त्वं लेखी मान्य केली: सल्लागारांच्या स्वातंत्र्याचा आदर राखायचा, आणि सल्ल्याच्या विरोधात निर्णय घेतला तर त्याची कारणं जाहीरपणे सांगायची. एवढासा हा नियम मला शंभर मोर्चांपेक्षा मोलाचा वाटतो.

भारतातही हाच धडा न्यायालयाच्या मार्गाने शिकावा लागला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल 2011 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिला. मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहितीच्या अधिकारात मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं आणि 2012 च्या मेमध्ये तो लोकांसमोर आला. अहवाल पटला नाही तर नाकारायचा सरकारला अधिकार होता, आणि पुढे दुसरी समिती नेमून त्यातल्या शिफारशी बऱ्याच सौम्य केल्याही गेल्या. पण नाकारायचा तर वाचू देऊन नाकारा. घाटात राहणाऱ्यांपैकी ज्यांना तो अहवाल जाचक वाटला त्यांनाही तो नीट वाचून भांडण्याचा हक्क होता, आणि दडपण्यामुळे तो हक्कही बुडाला.

प्रत्येक सल्ला जाहीर झाला तर सल्लागार हातचं राखून बोलतील, आणि लोक उगाच घाबरतील, असं यावर म्हटलं जातं. पहिली भीती थोडी खरी आहे; साथ ऐन भरात असताना समितीतल्या प्रत्येक शंकेचं थेट प्रक्षेपण करा असं कोणी म्हणत नाही. दोन-चार आठवड्यांच्या विलंबाने काही बिघडत नाही. दुसऱ्या भीतीचं मात्र मला हसू येतं. ‘लोक घाबरतील’ या काळजीने बर्गरचा तो फोटो काढला गेला आणि वाईनचा तो सल्ला दिला गेला.

आता या नात्यात खरोखर काय बदलतं आहे, त्याकडे. त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. 1960 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एकूण संशोधन-खर्चापैकी सुमारे दोन-तृतीयांश पैसा केंद्र सरकारचा होता. आज तो हिस्सा जेमतेम एक-पंचमांशावर आला आहे आणि तीन-चतुर्थांशाच्या आसपास पैसा कंपन्यांचा आहे. सरकारी रक्कम घटली असा याचा अर्थ नाही. कंपन्यांची फार वेगाने वाढली. औषधं, रसायनं, बियाणं, आता कृत्रिम बुद्धिमत्ता, यांत ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचं त्याच्याचकडे त्या विषयातलं सगळ्यांत जास्त ज्ञान आहे. ‘सरकारने विज्ञानातून हात काढावेत’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. सरकारने हात काढले तर तिथे कोणाचे हात जातील?

1960 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सेस केल्सी यांच्या टेबलावर एका झोपेच्या औषधाची फाइल आली. डझनावारी देशांत हे औषध आधीच विकलं जात होतं, काही ठिकाणी तर चिठ्ठीशिवाय. 1938 च्या कायद्यानुसार 60 दिवसांत हरकत घेतली नाही तर परवानगी आपोआप मिळत असे. माहिती अपुरी आहे असं कळवून केल्सी फाइल परत पाठवत राहिल्या; प्रत्येक वेळी घड्याळ पुन्हा शून्यावर. कंपनीची माणसं खेटे घालत होती, वरिष्ठांकडे तक्रारी करत होती. हातापायांच्या नसांवर परिणाम झाल्याचं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातलं पत्र त्यांच्या वाचनात आलं, आणि मग त्यांनी विचारलं की पोटातल्या गर्भावर काय परिणाम होतो ते तपासलं आहे का? उत्तर नव्हतं. ते औषध थॅलिडोमाइड होतं. जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांतल्या व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत ती संख्या फार थोडी राहिली. 1962 मध्ये कायदा बदलला आणि सरकार गप्प राहिलं म्हणजे परवानगी मिळाली, हा प्रकार बंद झाला.

केल्सी औषधशास्त्रातल्या डॉक्टरेट होत्या, वैद्यकीय पदवीधर होत्या आणि सरकारी नोकर होत्या. नव्या शोधाने त्यांचं नाव झालेलं नाही. फाइल वाचली आणि नाही म्हणाल्या. असं नाही म्हणायला तीन गोष्टी लागतात. कंपनीच्या तोडीचं शिक्षण असलेला माणूस सरकारच्या पगारावर असावा लागतो, त्याचा नकार टिकेल असा कायदा लागतो आणि वरिष्ठ पाठीशी उभे राहावे लागतात. यातली पहिली गोष्ट पैशाने येते, आणि नेमक्या त्याच पैशाला अंदाजपत्रकात ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कात्री लागते. विद्यापीठांच्या अनुदानासाठी सह्यांच्या मोहिमा निघतात, नोबेलविजेते पत्रकं काढतात, आणि ते योग्यच आहे. नियामक खात्यांतल्या फाइल वाचणाऱ्यांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून अशी एखादी मोहीम निघाल्याचं मला तरी आठवत नाही.